उबदार की चकचकीत? पडद्याचा रंग आणि आपले डोळे

गेल्या महिन्यातील गोष्ट. बाजाराचा दिवस असल्याने दवाखान्यात गर्दी होती. गावात ई-सेवा केंद्र चालविणारे बहीण-भाऊ एकत्रच आत आले. दोघांचीही तक्रार एकच. डोळे चुरचुरतात, संध्याकाळी कपाळ ठणकते. पण खुर्चीवर बसल्याबरोबर तक्रार बाजूला राहिली आणि भांडणच सुरू झाले.

भाऊ म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हिनं कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे आजीची ओसरी करून ठेवलाय. विटकरी पट्ट्या, गव्हाळ रंग, मागं शेताचं चित्र. गिऱ्हाइकाला वाटतं, हे लोक वीस वर्षं मागं आहेत."

बहीण कुठली गप्प बसते! "आणि याचा पडदा म्हणजे अमावास्येची रात्र. काळ्यावर बारीक करडी अक्षरं. उतारा काढायला बसलं की गट नंबर दिसत नाही. तुम्हीच सांगा डॉक्टर, डोळ्याला कुणाची थीम चांगली?"

मी म्हटले, "आधी दोघे डोळे दाखवा, निकाल नंतर देतो." तो निकाल आज वाचकांसमोर मांडतो आहे, कारण हा प्रश्न आता त्या दोघांचाच राहिलेला नाही. पतसंस्था, ग्रामपंचायत, मेडिकल दुकान, शाळा, सगळीकडे माणसे दिवसाचे सहा-आठ तास पडद्यासमोर बसतात. पूर्वी भिंतीला कोणता रंग द्यावा यावर घरात खल व्हायचा, आता पडद्याला कोणता द्यावा यावर होतो.

वाद जुनाच आहे

थीम म्हणजे संगणकाच्या पडद्याचा पोशाख. मागचे चित्र, खिडक्यांचे रंग, बटणांचा आकार, अक्षरांची ठेवण हे सगळे त्यात आले. कपड्यांची फॅशन बदलते तशी तीही बदलते. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ चा पडदा हिरवट-निळा आणि पट्ट्या राखाडी होत्या. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली, तिच्यात ठळक निळी पट्टी, हिरवे गोलसर बटण आणि मागे हिरवीगार टेकडी होती. ती टेकडी खरीखुरी आहे. चार्ल्स ओ'रिअर या छायाचित्रकाराने १९९६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सोनोमा भागात तिचा फोटो काढला. माझ्या दवाखान्यातील पहिल्या संगणकावर तीच टेकडी होती आणि बालरोगी तिच्याकडे बघत इंजेक्शन विसरत, हे मी पाहिले आहे.

उबदार आणि चकचकीत यांचा सामना सर्वांत स्पष्ट दिसला तो उबुंटू या मोफत मिळणाऱ्या संगणक प्रणालीत. 'उबुंटू' हा आफ्रिकेतील शब्द, त्याचा अर्थ माणुसकी. २००४ मध्ये ती आली तेव्हा तिचा पडदा चक्क मातकट तपकिरी होता. सगळे जग निळ्याच्या मागे असताना हा मातीचा रंग मुद्दाम निवडलेला होता. काहींना तो जिव्हाळ्याचा वाटला, काहींना कळकट. अखेर २०१० मध्ये तपकिरी गेला आणि वांगी रंगाची व नारिंगीची नवी, झुळझुळीत थीम आली. त्याच सुमारास इतरत्रही चकचकीतपणाची लाट होती. २००७ च्या विंडोज व्हिस्टात काचेसारख्या पारदर्शक खिडक्या आल्या. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये सगळेच सपाट झाले, बटणाला कड राहिली नाही. पुढे २०१८ मध्ये ॲपलच्या संगणकांत आणि २०१९ मध्ये अँड्रॉइड व आयफोनमध्ये काळ्या पार्श्वभूमीची, म्हणजे 'डार्क मोड'ची सोय आली.

यातले सुंदर कोणते, हे मी सांगणार नाही. तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. डॉक्टरने एवढेच सांगावे की डोळ्याला यातले काय कळते आणि काय कळत नाही.

माझी स्वतःची चूक

दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी स्वतःचे सांगतो. काही वर्षांपूर्वी सुट्टीला आलेल्या माझ्या मुलाने दवाखान्यातील संगणकाला नवा साज चढविला. काळीभोर पार्श्वभूमी, सडपातळ करडी अक्षरे. दिसायला मोठे रुबाबदार! आठवडाभर मीही खूश होतो.

एका दुपारी गुडघेदुखीचे एक वयस्कर रुग्ण आले. आदल्या दिवशी त्यांची रक्ततपासणी झाली होती आणि रिपोर्ट संगणकावर आला होता. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखविणारा आकडा, मी वाचला १.०. छान, म्हणून मी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या देण्यापूर्वी आमच्या जुन्या कंपाउंडरांनी लॅबचा कागद पुढे ठेवला आणि हळूच म्हणाले, "साहेब, इथं १.८ दिसतंय."

इंग्रजी आकड्यांतील शून्य आणि आठ यांत फरक फक्त मधल्या एका आडव्या रेषेचा. त्या करड्या, बारीक अक्षरांत ती रेष मला दिसली नव्हती. मूत्रपिंड आधीच थकलेल्या माणसाला त्या गोळ्या महिनाभर दिल्या असत्या तर काय झाले असते, ते सांगायला नको. गोळ्या परत घेतल्या, रुग्णाला बसवून सगळे खरे सांगितले आणि त्याच संध्याकाळी तो रुबाबदार साज उतरविला. कागदी रिपोर्ट समोर ठेवल्याशिवाय औषध लिहायचे नाही, हाही नियम तेव्हापासून केला.

चूक थीमची नव्हती, माझी होती. पण ती का झाली, हे समजून घेण्यासारखे आहे.

काळ्यावर पांढरे की पांढऱ्यावर काळे?

डोळ्याची बाहुली उजेडात आकसते आणि अंधारात मोठी होते. बाहुली लहान असली की चित्र रेखीव पडते. दूरचे वाचताना आपण डोळे बारीक करतो, त्यामागचे तत्त्वही तेच. उजळ पार्श्वभूमीवर काळी अक्षरे वाचताना बाहुली लहान राहते, म्हणून अक्षराची कड स्वच्छ दिसते. काळ्या पडद्यासमोर बाहुली मोठी होते आणि डोळ्याच्या भिंगातले बारीकसारीक दोष उघडे पडतात. ज्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे, त्यांना काळ्यावरील पांढरी अक्षरे फुटलेली, पसरलेली दिसतात. मलाही हा नंबर आहे.

वाचनाच्या प्रयोगांतही तरुण काय आणि वयस्कर काय, दोघांनाही उजळ पार्श्वभूमीवर गडद अक्षरे अधिक चांगली वाचता आली आहेत. वर्तमानपत्रे आणि पोथ्या पांढऱ्यावर काळ्या छापतात, ते उगीच नव्हे.

याचा अर्थ काळी थीम वाईट असा मात्र नाही. रात्री अंधाऱ्या खोलीत पांढरा पडदा डोळ्यांवर टॉर्च मारल्यासारखा वाटतो, तेव्हा गडद पडदा सुसह्य होतो. मोतीबिंदू असलेल्या काही रुग्णांना पांढऱ्या पडद्याची तिरीप सहन होत नाही, त्यांनाही काळ्यावर ठळक पांढरे बरे वाटते. अर्धशिशीच्या काही रुग्णांचेही तसेच. म्हणजे एकच औषध सर्वांना लागू पडत नाही.

वयाचाही हिशेब आहे. चाळिशीनंतर डोळ्याच्या भिंगाची लवचीकता कमी होते, म्हणून तर चष्म्यालाच आपण 'चाळिशी' म्हणतो. पुढे भिंग पिवळसर होत जाते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या साधारण एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो. पंचविशीच्या पोराला जे 'नाजूक करडे' दिसते, ते त्याच्या वडिलांना दिसतच नाही. म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांच्या फोनवर किंवा संगणकावर आपल्या आवडीची थीम लावू नका. त्यांना कड असलेले, ठळक, मोठे बटण हवे असते. सपाट पडद्यावर बटण कुठले आणि नुसते अक्षर कुठले हेच त्यांना उमगत नाही आणि दोष मात्र ते स्वतःच्या अडाणीपणाला देतात.

आणखी एक सूचना. गडद निळ्यावर लाल किंवा लालवर निळी अक्षरे कधी ठेवू नका. हे दोन रंग डोळ्यात एकाच ठिकाणी केंद्रित होत नाहीत, त्यामुळे अक्षरे थरथरल्यासारखी वाटतात.

उबदार प्रकाश आणि झोप

आता बहिणीच्या बाजूकडे वळू. उबदार रंग झोपेला बरे, हे कितपत खरे?

येथे एक गंमत आहे. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, मग पांढरे. म्हणजे जितके अधिक तापेल तितका प्रकाश लालाकडून निळ्याकडे झुकतो. शास्त्रज्ञ प्रकाशाचा रंग याच हिशेबाने केल्विनमध्ये मोजतात. मेणबत्ती किंवा समई सुमारे १,९०० केल्विन, जुना पिवळा बल्ब सुमारे २,७०० आणि भर दुपारचा प्रकाश ६,५०० च्या आसपास. संगणकाचा पडदा बहुधा याच दुपारच्या रंगाचा असतो. आपण ज्याला 'उबदार' म्हणतो तो प्रकाश शास्त्राच्या मोजणीत थंड निघतो!

आपल्या दृष्टिपटलात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी एक प्रकारच्या पेशी आहेत. त्या प्रकाशाला स्वतःहून प्रतिसाद देतात, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळविणे हे त्यांचे एक मुख्य काम. निळ्या प्रकाशाला त्या अधिक जागरूक असतात. रात्री असा प्रकाश डोळ्यात गेला की मेंदूला दिवस मावळलाच नाही असे वाटते आणि झोपेचे संप्रेरक मेलाटोनिन उशिरा सुटते. म्हणूनच पडदा रात्री पिवळसर करण्याच्या सोयी निघाल्या. २०१६ मध्ये ती आयफोनवर आली, २०१७ मध्ये विंडोजवर 'नाइट लाइट' नावाने आली.

पण नीट लक्षात घ्या. विटकरी वॉलपेपर लावणे वेगळे आणि नाइट लाइट सुरू करणे वेगळे. वॉलपेपर उबदार असला तरी त्यावर पांढरे पान उघडले की दुपारच उगवते. शिवाय नाइट लाइट लावून रात्री एकपर्यंत मोबाइल बघणाऱ्याला झोप येणार नाही, कारण त्याला जागवणारा केवळ रंग नसतो. बातमी, भांडण, खेळ आणि "एवढं एक बघतो" हे जास्त जागवतात. पडद्याचा उजेड कमी करणे आणि झोपण्यापूर्वी तासभर तो बंद करणे, यांसारखा उपाय नाही.

निळ्या प्रकाशाने पडद्यासमोर डोळे जळतात, आंधळेपण येते, असेही घाबरविले जाते. पडद्याचा प्रकाश दुपारच्या उन्हाच्या तुलनेत अगदीच क्षीण असतो, त्याने दृष्टिपटल जळत नाही. 'ब्लू कट' चष्म्यांविषयी मला रोज विचारतात. २०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. पडद्यावर काम करणाऱ्यांचा डोळ्यांचा ताण या काचांनी साध्या काचांपेक्षा कमी होतो, असे त्यात आढळले नाही. जादा पैसे त्यावर घालण्याऐवजी चष्म्याचा नंबर वेळेवर तपासून घ्या.

मग डोळे चुरचुरतात कशाने?

पापणीने! साधारणपणे आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. प्रत्येक लवण्याबरोबर बुबुळावर अश्रूंचा एक पातळ थर सारवला जातो. सारवण थांबले की जमीन जशी उकलते, तसाच बुबुळावरचा थर सुकतो. त्यात समोरून पंखा किंवा कूलर असला तर विचारूच नका. ही तक्रार काळ्या थीमसमोरही होते आणि गव्हाळ थीमसमोरही होते.

खरा धोका येथे आहे

थीमच्या नादात खरा आजार झाकला जातो, म्हणून हा लेख लिहायला घेतला. आमच्या गावातील एक सत्तेचाळीस वर्षांचे गृहस्थ, व्यापाऱ्यांचे हिशेब संगणकावर लिहितात. अक्षरे धूसर दिसू लागली म्हणून त्यांनी काळी थीम लावली. पंधरा दिवसांनी पिवळी. मग भाच्याने मोठा पडदा आणून दिला. मग ब्लू कट चष्मा. असे सहा महिने गेले. माझ्याकडे आले ते पायाची जखम भरत नव्हती म्हणून. बोलता बोलता म्हणाले, "डॉक्टर, एक दिवस पडदा लख्ख दिसतो, एक दिवस धुरकट. मॉनिटरच बिघडलाय."

मॉनिटर एक दिवस बिघडून दुसऱ्या दिवशी आपोआप सुधारत नाही. रक्तातील साखर वर-खाली झाली की डोळ्याच्या भिंगातील पाण्याचे प्रमाण बदलते आणि नजर रोज वेगळी होते. त्यांची उपाशीपोटीची साखर तीनशेच्या वर निघाली. ताबडतोब उपचार सुरू केले, डोळ्याच्या तज्ज्ञांकडे दृष्टिपटल तपासायला पाठविले. तेथे मधुमेहाच्या खुणा उमटायला सुरुवात झाली होती, पण वेळ गेलेली नव्हती. आज त्यांचे हिशेबाचे काम व्यवस्थित चालू आहे. सहा महिन्यांचे आणखी एक वर्ष झाले असते तर मला हे वाक्य लिहिता आले नसते.

म्हणून पुढील लक्षणे दिसली तर पडद्याचा रंग बदलत बसू नका, डॉक्टरांना गाठा. नजर दिवसागणिक बदलणे. दिव्याभोवती रंगीत वलये दिसून डोळा दुखणे, सोबत उलटी होणे. अचानक काळे ठिपके किंवा विजा चमकल्यासारखे दिसणे. एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे वाटणे. बाजूने येणारी माणसे किंवा वाहने न दिसणे. काचबिंदू बहुतेकदा न दुखता नजर खातो. चाळिशीनंतर साखर, रक्तदाब आणि डोळे नियमित तपासावेत. मधुमेही रुग्णांनी तर तक्रार असो वा नसो, वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासलेच पाहिजे.

एवढे करा

१. पडद्याचा उजेड खोलीइतका ठेवा. पडद्याशेजारी पांढरा कागद धरा. पडदा त्याच्यापुढे दिव्यासारखा झळकत असेल तर कमी करा, मळकट वाटत असेल तर वाढवा.

२. दिवसा कामासाठी उजळ पार्श्वभूमी आणि गडद, ठळक अक्षरे. झगझगीत पांढऱ्याऐवजी किंचित सायीचा रंग चालेल. रात्री नाइट लाइट किंवा गडद थीम, पण खोलीत एक दिवा असू द्या.

३. थीमपेक्षा अक्षराचा आकार महत्त्वाचा. मान पुढे काढून वाचावे लागत असेल तर अक्षर लहान आहे असे समजा. सेटिंगमध्ये ते मोठे करता येते, त्यात कमीपणा नाही.

४. पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली ठेवा. दुहेरी नंबरचा चष्मा असलेल्यांनी तर पडदा आणखी खाली घ्यावा, नाहीतर मान मागे टाकून वाचण्याची सवय लागते आणि मानदुखीसाठी माझ्याकडे यावे लागते.

५. खिडकी किंवा ट्यूबलाइट पडद्यात आरशासारखी दिसत असेल तर टेबल फिरवा. चकचकीत काचेच्या पडद्याचा खरा त्रास हाच.

६. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहा. समोरच्या दुकानाची पाटी वाचली तरी चालेल. आणि आठवणीने पापण्या मिटा.

७. मुलांसाठी थीम शोधू नका, मैदान शोधा. दररोज दोनएक तास बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत दूरचा चष्मा लागण्याचे प्रमाण कमी असते. हे काम कोणताही रंग करू शकत नाही.

निकाल

त्या बहीण-भावांचे काय झाले? बहिणीच्या टेबलासमोर टेबलफॅन थेट तोंडावर होता, तो बाजूला केला, डोळे ओले ठेवणारे थेंब दिले. भावाला सिलिंड्रिकल नंबर निघाला आणि चष्मा लागला. पंधरा दिवसांनी दोघे पुन्हा आले, तक्रार निम्म्याहून कमी झालेली. पडद्याचा तंटाही मिटला होता. दिवसा सायीच्या रंगावर ठळक काळी अक्षरे, मागचे चित्र तिच्या पसंतीचे. संध्याकाळी सहानंतर टेबल त्याचे, तेव्हा काळी थीम.

भाऊ जाता जाता म्हणाला, "डॉक्टर, म्हणजे जिंकलं कोण?"

मी म्हटले, "तुझा चष्मा."